भिंत, फाटक आणि पार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी स्मरणिकेसाठी लिहिताना घातल्या आहेत.)



समितीने मला 'दोन शब्द बोला' असं सांगितलं. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला दोन शब्द बोला म्हणणं ही जोखीम आहे. आमच्या वेळी ग्राहक बोलायचा आणि आम्ही खाली मान घालून लेजर बघायचो. आता ते सगळं साठलेलं बाहेर येतं. तरी वेळेत आटोपण्याचा प्रयत्न करतो, कारण मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय आणि त्याच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

विषय मीच निवडलाय. आपण ज्या जागेत राहतो, त्या जागेची मांडणी आपल्याला कशी वागायला लावते? रस्ता किती रुंद, भिंत किती उंच, फाटक कुठे, बसायला जागा आहे की नाही, या गोष्टी कुणीतरी कागदावर आखतो किंवा एखादी कमिटी ठरावाने ठरवते. मग त्यावरून कोण कुणाला भेटणार, कोण कुणाकडे जाणार आणि कोण घरात बसून राहणार, हेही ठरून जातं. आपल्याला वाटतं माणसं बदलली. पुष्कळदा माणसं तीच असतात, वाट बदललेली असते.

हे मला कळायला बरीच वर्षं लागली. नोकरीत बदल्या खूप झाल्या. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधायचं, मुलांच्या शाळेचे दाखले काढायचे आणि नव्या गावी नवं बिऱ्हाड थाटायचं. काही गावं आठ दिवसांत आपली वाटायची. काही ठिकाणी तीन वर्षं काढली तरी शेजाऱ्याचं आडनाव फक्त पाटीवर वाचलेलं. मुंबईला असताना सुरुवातीला गिरगावात एका चाळीत नातेवाइकांकडे राहिलो. खोली एवढीशी. पण खोलीबाहेर मजलाभर लांब गॅलरी. दात घासायला बाहेर या, पेपर वाचायला बाहेर या, रात्री वारा खायला बाहेर या. पंधरा दिवसांत अख्खा मजला मला नावाने ओळखत होता. पुढे उपनगरात बँकेचा फ्लॅट मिळाला. जागा दुप्पट, नळाला पाणी, स्वतंत्र संडास. सगळी सुखं. पण दार उघडलं की समोर दुसरं बंद दार आणि मध्ये जिना. दोन वर्षांत समोरच्यांशी बोलणं झालं ते गॅसचा सिलेंडर चुकून आमच्याकडे आला तेव्हा. गिरगावातली माणसं प्रेमळ आणि उपनगरातली शिष्ट, असं मी तेव्हा घरी पत्रात लिहिलं होतं. आता वाटतं, तो दोष माणसांचा नव्हता. एकीकडे गॅलरी होती, दुसरीकडे जिना होता, एवढंच.

आता आपल्या गावाकडे येतो. सरकारी कागदावर आता ते अहिल्यानगर झालं. आपल्या तोंडात अजून नगर येतं, त्यात अनादर नाही, सवय आहे. २८ मे १४९० या दिवशी अहमद निजामशाहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्या विजयातून हे शहर उभं राहिलं. शहर वसवताना त्या लोकांनी आधी पाण्याचा विचार केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलं आणि ते शहरातल्या हौदांवर, बागांमध्ये, महालांमध्ये सोडलं. आपल्या सावेडीच्या 'भिस्तबाग' या नावाचं मूळ 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग. तिथे तळ्याच्या मध्यभागी अष्टकोनी महाल होता आणि भोवती बाग होती. आपण पाइपलाइन रोडला राहतो आणि टँकर कधी येणार म्हणून फोन करतो. आठ स्वर्गांच्या शेजारी राहून ही अवस्था! असो.

या शहराला तट होता आणि तटाला वेशी होत्या. दिल्लीगेट आणि माळीवाडा वेस आजही उभ्या आहेत. वेस ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. तट असतो अडवायला आणि वेस असते आत घ्यायला. रात्री बंद, दिवसा उघडी. नुसता तट बांधला आणि वेस ठेवलीच नाही तर आत बाजार कसा भरणार? आपला भुईकोट किल्ला पाहा. केवढा तो खंदक, केवढी ती भिंत! १९४२ साली इंग्रजांनी नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासारख्या नेत्यांना तिथेच आणून ठेवलं. पंडितजींनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण गंमत बघा, आख्ख्या नगरमध्ये सगळ्यात भक्कम भिंत असलेली जागा शेवटी उपयोगाला आली ती तुरुंग म्हणून.

वेशीच्या आतलं जुनं नगर आठवा. कापडबाजार, दाळमंडई, आडते बाजार, सराफ बाजार, तेलीखुंट, मोची गल्ली. नाव ऐकलं की तिथे काय मिळतं ते कळतं. रस्ते अरुंद, वळणाचे. दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर, वर राहतं घर. वाड्याला रस्त्याच्या बाजूने ओटा. हा ओटा घरात मोडतो की बाहेर? दोन्ही. ओट्यावर बसलेल्या माणसाला घरात बोलावलेलं नसतं, आणि हाकललेलंही नसतं. येणारा-जाणारा दोन मिनिटं टेकायचा, तंबाखू मळायचा, बातमी सांगायचा आणि पुढे जायचा. ओट्यावर आजी बसलेली असेल तर गल्लीतलं पोर कुणाशी भांडतंय, कोण नवखा माणूस फिरतोय, सगळं तिच्या नजरेत. पगार नाही, युनिफॉर्म नाही, पण वॉचमन पक्का. आणि गणपतीत माळीवाड्यातून विशाल गणपतीची मिरवणूक निघून बाजारपेठेतून पुढे दिल्लीगेटकडे जाते, तेव्हा त्याच अरुंद रस्त्याचा मांडव होतो. खिडक्या, गॅलऱ्या, ओटे सगळे भरलेले असतात. ऐंशी फुटी रस्त्यावर तो रंग भरत नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तरुण मंडळी म्हणतील की काका आता 'आमच्या वेळी' सुरू करणार. जुन्या वाड्याचं सगळं छान नव्हतं. मी वाड्यात वाढलोय. दहा-बारा बिऱ्हाडं आणि दोन संडास. पहाटे अंधारात डबा घेऊन रांग. आतल्या खोल्यांना खिडकी नाही, दुपारी बारालासुद्धा दिवा लावायचा. भाडेकरूंची नळावरची भांडणं. आणि प्रत्येक वाड्यात, प्रत्येक आळीत सगळ्यांना सारखा प्रवेश होता असंही नाही. ओट्यावर कुणी बसायचं आणि कुणी बसायचं नाही, याचे अलिखित नियम होते आणि ते नियम माणुसकीचे नव्हते. घरात येणारी सून किती वाजता कुठे गेली हेही त्याच ओट्यावरून मोजलं जायचं. म्हणून आपण सगळे सावेडीला आलो. हवा, उजेड, स्वतःचा नळ, मुलीला रात्री अभ्यासाला वेगळी खोली. ते योग्यच केलं. मला परत वाड्यात जायचं नाही. फक्त येताना आपण संडासाची रांग मागे ठेवली, तसा ओटाही मागेच राहिला.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये जेन जेकब्ज नावाच्या बाई होत्या. त्या नगररचनाकार नव्हत्या, पत्रकार होत्या. आपल्याच गल्लीकडे बघून बघून त्यांनी १९६१ साली पुस्तक लिहिलं आणि मोठमोठ्या तज्ज्ञांना जागं केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि रस्त्याकडे लक्ष असलेल्या साध्या माणसांमुळे जास्त. दुकानदार, खिडकीत बसलेली बाई, येणारे-जाणारे. वर्दळ म्हणजेच पहारा. आमच्या ओट्यावरच्या आजीने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण बाईंनी जणू आजीलाच पाहून ते लिहिलं होतं.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला एक वसाहत आखली. ऐंशीच्या दशकातली ती वसाहत आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. तिथे त्यांनी सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती मांडली. अंगण सुमारे आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद, म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या चार-पाच गाड्यांएवढी जागा. असे तीन गट मिळून एकवीस घरांचं थोडं मोठं अंगण. पुढे लोकांनी आपापली घरं वाढवली, पाडून नवीही बांधली, तशी सोय मूळ आराखड्यातच ठेवली होती. पण लक्षात घेण्यासारखं हे की त्यांनी घराआधी अंगण ठरवलं. आपण उलटं करतो. आधी बिल्डिंग, मग गाड्या, आणि उरली तर माणसांना जागा.

२०२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला झाला. शहराला त्यांचं नाव दिलं, तर त्यांनी काय बांधलं तेही बघितलं पाहिजे. देवळं तर बांधलीच. पण त्याबरोबर घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा. महेश्वरचा नर्मदेवरचा घाट बघा. घाट म्हणजे काय? नुसत्या पायऱ्या. पण त्या पायऱ्यांवर आंघोळ होते, धुणं होतं, पूजा होते, थकलेला वाटसरू बसतो, म्हातारी माणसं संध्याकाळ काढतात. तिथे बसायला पावती फाडावी लागत नाही. येणाऱ्याला पाणी, टेकायला जागा आणि सावली मिळावी, ही त्यांची नगररचना.

त्याच होळकरांच्या इंदूरमध्ये पुढे, साधारण १९१७-१८ च्या सुमारास, पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ शहराचा आराखडा करायला आले. त्याआधी त्यांनी ठाण्यासह आपल्या मुंबई इलाख्यातल्या काही शहरांचेही अहवाल लिहिले होते. हे गृहस्थ आधी पायी फिरायचे. गल्लीबोळ, विहिरी, झाडं, पार सगळं पाहायचे. मग सांगायचे की जुनी वस्ती सरसकट पाडू नका. इथे एक पडकी भिंत काढा, तिथे एक वाट मोकळी करा, बाकी राहू द्या. म्हणजे डॉक्टर जसा पाय कापण्याआधी साधा टाका घालून भागतंय का बघतो, तसं. इंदुरात त्यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यावरचे लोक आपापली घरं-दारं सगळ्यात चांगली झाडून दुरुस्त करतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. सगळं गाव कामाला लागलं. शहर सुधारायला दरवेळी कोटींचा निधी लागतो असं नाही. कधी कधी लोकांना आपला रस्ता आपला वाटला तरी पुरतं.

निधीवरून आठवलं, आपला उड्डाणपूल. सक्कर चौकापासून जीपीओपर्यंत सुमारे तीन किलोमीटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. किती वर्षं आपण त्याची वाट पाहिली! पुण्याकडून संभाजीनगरला जाणारी ट्रकची रांग गावातून हटली, हे फार चांगलं झालं. मी पुलाच्या विरोधात नाही. पण वरून जाणाऱ्या माणसाला आता नगर दिसतं किती? आणि खालून चालत रस्ता ओलांडणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला विचारा, त्याला कसं वाटतं ते. गाडीतल्या माणसाचं शहर वेगळं आणि पायी चालणाऱ्याचं शहर वेगळं. आपण आराखडे करताना बहुतेक वेळा गाडीत बसलेलो असतो.

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता आपल्या सोसायटीबद्दल आणि माझ्याबद्दल बोलतो. हे बोलायचं की नाही, यावर मी आठ दिवस विचार करत होतो.

आपली संस्था रजिस्टर झाली २००० साली. तेव्हा महानगरपालिकाही व्हायची होती. आजूबाजूला ज्वारीची शेतं होती, रात्री कोल्हे ओरडायचे. आपल्या प्लॉटच्या मागच्या बाजूला एक लहान फाटक होतं. जुन्या मंडळींना आठवत असेल. एका वेळी एक माणूस जाईल एवढंच. फाटकाशेजारी कडुलिंब आणि त्याखाली सिमेंटचं बाकडं. त्या फाटकातून मागच्या कॉलनीत जाता यायचं. तिथे दत्ताचं मंदिर, पिठाची गिरणी, शाळेची बस थांबायची ती जागा. मागच्या कॉलनीतली पोरं आपल्याकडे खेळायला यायची, आपली त्यांच्याकडे जायची. भाजीवाल्या मावशी त्याच फाटकातून टोपली घेऊन आत यायच्या.

२०११ साली मी संस्थेचा चिटणीस होतो. त्या वर्षी पार्किंगमधून दोन सायकली आणि पाण्याची एक मोटार चोरीला गेली. सभा झाली. वातावरण तापलेलं होतं. मागच्या फाटकातून कोणीही येतं, बाकड्यावर बाहेरची पोरं बसतात, मोबाइलवर गाणी लावतात, अशा तक्रारी होत्या. ठराव मांडला गेला, की मागचं फाटक कायमचं बंद करावं आणि बाकडं काढून टाकावं. ठराव मांडणारा मीच होतो. मसुदाही मीच केला, बँकेतल्या भाषेत, एकही पळवाट न ठेवता. एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बाजारात जाऊन सात लिव्हरचं कुलूप आणलं. त्याची पावती अजून फाइलला असेल.

चोऱ्या थांबल्या का? पुढच्याच वर्षी पुन्हा सायकल गेली. मुख्य फाटकातून, भरदिवसा. पण कुलूप काही कोणी काढलं नाही. एकदा लावलेलं कुलूप काढायला कारण लागतं, लावायला फक्त भीती पुरते.

माझी पत्नी दर गुरुवारी मागच्या मंदिरात भजनाला जायची. आवाज साधाच, पण टाळ छान वाजवायची. फाटक बंद झाल्यावर तिला मुख्य फाटकातून बाहेर पडून, मोठ्या रस्त्याने, चौकाला वळसा घालून जावं लागायचं. फूटपाथ नाही, गटारावरची फरशी तुटलेली, संध्याकाळी गाड्यांचे लाइट डोळ्यांवर. सुरुवातीला मी स्कूटरवरून सोडायचो. कधी विसरायचो, कधी टीव्हीवर मॅच असायची. मग हळूहळू तिचं जाणं कमी झालं. मी विचारलं तर म्हणायची, "अहो, गुडघे दुखतात आता." मला ते पटलं. वय झालं की गुडघे दुखतातच.

२०१९ मध्ये ती गेली. दहाव्यानंतर भजनी मंडळातल्या चार-पाच बायका भेटायला आल्या. मोठ्या रस्त्याने वळसा घालून आल्या होत्या, घामाघूम झाल्या होत्या. त्यातल्या एक आजी पाणी प्यायल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या फाटकाला कुलूप लागलं आणि वहिनींचं येणंच तुटलं बघा." त्यांना ठाऊक नव्हतं की कुलूप कुणी लावलं. मी काही बोललो नाही.

त्या गेल्यावर संध्याकाळी मी खाली उतरलो. आमच्या जिन्यापासून बंद फाटकापर्यंत आणि भिंतीपलीकडे मंदिरापर्यंतचं अंतर अंदाजाने धरलं तर एकशे चाळीस पावलं. मग मुख्य फाटकातून चालत गेलो आणि मंदिरापर्यंत मोजत गेलो. एक हजार पन्नास पावलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले. कुणाच्या खात्यात दहा पैशांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसून शोधायचो. हा नऊशे दहा पावलांचा फरक आठ वर्षं माझ्या घरात होता आणि मला दिसला नाही. ती गुडघ्याचं दुखणं सांगत होती. मी गुडघ्याचा मलम आणून देत होतो.

हे ऐकून कुणी हळहळू नये. ते माझं मला आहे. पण त्यानंतर मी आपल्या आवाराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. समोरच्या बिल्डिंगमधले गुरुजी संध्याकाळी खाली येतात, पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारतात आणि बसायला कुठे जागा नाही म्हणून वर जातात. आपल्या बिल्डिंगना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून एकदा उतरलेला माणूस बसायला जागा असेल तर तासभर खाली राहील; नसेल तर उतरणारच नाही. मुलं क्रिकेट खेळतात तर गाडीची काच फुटेल म्हणून आपण ओरडतो. मग ती वर जातात आणि मोबाइल घेऊन बसतात. मग आपण मोबाइलवरून ओरडतो. त्यांनी जायचं कुठे? भाजीवाल्या मावशी आता येत नाहीत. ॲपवरून भाजी येते, आणणारा मुलगा वॉचमनकडे पिशवी ठेवून जातो.

आता मुद्द्यावर येतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन विषय आहेत. एक, कंपाउंड वॉल आठ फुटांपर्यंत वाढवून वर तार लावणे. दोन, मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून तिथे गाड्यांचं पार्किंग करणे. दोन्हींमागची अडचण खरी आहे. २००० साली आपल्याकडे मोजून पाच चारचाकी होत्या, आज जवळजवळ प्रत्येक घरी एक आहे. रस्त्यावर लावली तर ओरखडे पडतात. मला मान्य आहे. माझ्या मुलाचीही गाडी आहे.

पण ती मोकळी जागा आपण गाड्यांसाठी विकत घेतलेली नाही. मोठा लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते, ती रहिवाशांना खेळायला, बसायला, मोकळं व्हायला. कायद्यालासुद्धा कळलं की माणसाला भिंतीबाहेर थोडी जागा लागते. तो कायदा करणाऱ्यांनी आपल्यासाठी ओटा राखून ठेवलाय. आपण त्यावर गाडी लावायची का?

मी नुसती हरकत घेणार नाही. बँकेत आम्हाला शिकवलं होतं की अर्ज नाकारलास तर काय केलं तर मंजूर होईल तेही लिही. म्हणून चार सूचना लेखी दिल्या आहेत.

पहिली, मोकळ्या जागेच्या फक्त दोन कडांना, भिंतीलगत गाड्या लावाव्यात. मधली जागा मातीचीच ठेवावी. पेव्हर ब्लॉक टाकले की पाणी मुरणार नाही आणि उन्हाळ्यात बोअर आटला की पुन्हा टँकर. पाच शतकांपूर्वी ज्यांनी लांबून खापरी नळाने पाणी आणलं, त्यांच्या शहरात राहून आपण दारात पडलेलं पाणी गटारात सोडू नये.

दुसरी, प्रत्येक घराला आत एकच चारचाकी. दुसरी असेल त्याने बाहेर सोय करावी किंवा जादा शुल्क भरावं. बोलायला कडू आहे, पण हिशोब सरळ आहे.

तिसरी, मागचं फाटक रोज सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं ठेवावं. रात्री कुलूप. म्हणजे वेशीसारखं. वॉचमन मामांची खुर्ची दुपारी तिकडे ठेवावी. सुरुवातीला तीन महिने प्रयोग करावा. वाईट अनुभव आला तर पुन्हा बंद करा, ठरावाचा मसुदा मी स्वतः करून देईन, मला सवय आहे.

चौथी, कडुलिंबाखाली पुन्हा बाकडं. कडुलिंब अजून आहे, हे आपलं नशीब. जमलं तर त्याला गोल पार बांधावा, म्हणजे आठ-दहा जण टेकतील. त्याचा खर्च मी देईन. त्यावर कुणाचंही नाव घालू नये, 'यांच्या स्मरणार्थ' अशी फरशी बसवू नये. तिला ते आवडलं नसतं. नुसतं बसावं.

काही जण म्हणतील, बाहेरची पोरं येऊन बसतील. बसतील. त्यांच्याशेजारी आपणही बसू. सत्तरीतला माणूस शेजारी येऊन बसला आणि 'बाळा, तू कुणाचा रे?' असं विचारायला लागला, की पोरं एकतर सुधारतात किंवा उठून जातात. दोन्हींत आपलाच फायदा आहे.

तरुण मंडळींना एक सांगणं. पाच-दहा वर्षांत आपल्याही बिल्डिंगच्या पुनर्विकासाची बोलणी होतील. बिल्डर येईल, सुंदर चित्रं दाखवेल, चित्रात हिरवळ असेल आणि हिरवळीवर फुगे घेतलेली मुलं असतील. तेव्हा चटईक्षेत्र किती वाढवून मिळतंय ते जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की तिसऱ्या मजल्यावरची आजी खाली आली तर ती कुठे बसेल? मंदिरापर्यंत तिला किती पावलं पडतील? चित्रात हे दाखवत नाहीत. ते आपणच मोजून घ्यायचं असतं, आधी, वेळेवर.

पंचवीस वर्षांत आपण भिंती रंगवल्या, टाक्या बांधल्या, सीसीटीव्ही लावले, थकबाकी वसूल केली. सगळ्या कार्यकारिणींनी मनापासून काम केलं, त्यांचे आभार मानतो. पुढच्या पंचवीस वर्षांची सुरुवात एक कुलूप काढून करावी, एवढीच माझी विनंती आहे. किल्ली माझ्याकडेच आहे. चौदा वर्षं कपाटात पडलीय, गंज चढलाय, पण थोडं तेल घातलं की चालेल. आज ती मी अध्यक्षांच्या हातात देतो. सभेत काय ठरवायचं ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवावं.

बोलताना काही जास्त-कमी झालं असेल तर घरचा माणूस समजून सांभाळून घ्या. मसालेभात गार होतोय.